दहावीचा इंग्रजीचा पेपर : ८० पैकी ५० गुण धड्यांबाहेरचे, मग पाठ नेमकं काय करायचं?

फेब्रुवारी उजाडला की दहावीच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गर्दी सुरू होते. 'इंग्रजी आयएमपी', 'हे १० प्रश्न १०० टक्के येणार', 'फक्त एवढी चार पत्रं पाठ करा, पास फिक्स'. कुणीतरी पीडीएफ टाकतं, दुसरा झेरॉक्स काढून आणतो आणि अर्थ कळो न कळो, घोकंपट्टी चालू होते.

मग पेपरचा दिवस उजाडतो. पाठ केलेलं पत्र सहलीचं असतं, आलेलं पत्र ग्रंथालयाचं असतं. घोकलेली प्रश्नोत्तरं एका धड्याची, छापलेला उतारा दुसऱ्याच पानावरचा. मुलगा घरी येतो आणि सांगतो, "पेपर आउट ऑफ सिलॅबस होता."

पेपर बहुतेक वेळा सिलॅबसमधलाच असतो. चुकलेली असते ती तयारीची दिशा. मराठी माध्यमाच्या मुलाने ही दिशा कशी ओळखायची आणि हातात थोडेच दिवस उरले असतील तर काय करायचं, ते सविस्तर बघूया.

हा पेपर नेमका कोणाचा?

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावीला इंग्रजीचे वेगवेगळे पेपर असतात. इंग्रजी माध्यमाची मुलं 'इंग्लिश कुमारभारती' शिकतात, ती त्यांची प्रथम भाषा. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी इंग्रजी ही तृतीय भाषा आणि पुस्तक आहे 'माय इंग्लिश कोर्सबुक'. इथे बोलतोय ते या दुसऱ्या पेपरबद्दल.

हे आधी सांगायचं कारण साधं आहे. यूट्यूबवर 'दहावी इंग्रजी महाराष्ट्र बोर्ड' असं शोधलं की दोन्ही पुस्तकांचे व्हिडिओ एकत्र समोर येतात. भलत्याच पुस्तकातली कविता तासभर ऐकून झाल्यावर चूक लक्षात येणारी मुलं कमी नाहीत. त्यामुळे व्हिडिओ लावण्याआधी त्यातल्या पुस्तकाचं नाव तपासा. पुस्तक हरवलं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर त्याची पीडीएफ मोफत मिळते.

८० गुणांचा हिशेब

विषय १०० गुणांचा. त्यातले २० गुण शाळेतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे आणि ८० गुण लेखी परीक्षेचे. पास व्हायला १०० पैकी ३५ लागतात. सध्याच्या आराखड्यानुसार लेखी ८० गुण असे वाटलेले आहेत :

• लँग्वेज स्टडी (शब्दांचे खेळ, विरामचिन्हं, वाक्यरचना) : १० गुण
• पुस्तकातले दोन उतारे : २० गुण
• कविता : १० गुण
• पुस्तकाबाहेरचा उतारा आणि त्याचा सारांश : १५ गुण
• रायटिंग स्किल्स (पत्र, संवाद किंवा भाषण, माहितीचं रूपांतर, बातमी किंवा गोष्ट) : २० गुण
• भाषांतर : ५ गुण

आता बेरीज करून बघा. थेट धड्यांवर आणि कवितांवर असलेले गुण ३०. उरलेले ५० गुण अशा गोष्टींचे आहेत, ज्यांचं उत्तर कुठल्याही धड्याखाली लिहिलेलं नाही.

पुढची गंमत त्या ३० गुणांतच आहे. पुस्तकातला उतारा असो की कविता, ती प्रश्नपत्रिकेत पूर्ण छापून येते आणि प्रश्न तिच्याखालीच असतात. म्हणजे इतिहासासारखं 'आठवून लिहा' असं इथे फारसं काही नाही. बरीचशी उत्तरं समोरच्या कागदावर असतात, ती शोधता यावी लागतात.

त्यामुळे धड्याखालची प्रश्नोत्तरं पाठ करणारा मुलगा या पेपरातल्या छोट्या भागाचीच तयारी करत असतो. पेपर त्याला वाचून समजतं का आणि दोन-चार वाक्यं स्वतःची लिहिता येतात का, हे विचारतो. नेमकं तेवढंच राहून गेलेलं असतं.

२० गुण गेले तेव्हा काय झालं होतं?

अंतर्गत गुणांचं वजन किती असतं, हे २०१९ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेकडचे २० गुण काढून टाकले होते. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मधल्या ८९.४१ टक्क्यांवरून २०१९ मध्ये थेट ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला.

निकाल वरखाली व्हायला इतरही कारणं असतात. २०१९ ला अभ्यासक्रम आणि पेपरचा आराखडाही नवा होता. तरी विद्यार्थ्याने यातून एक गोष्ट घ्यायला हरकत नाही. तोंडी परीक्षा 'नावापुरती' समजून त्या दिवशी दांडी मारणं परवडत नाही. आणि दुसरीकडे, या २० गुणांच्या भरवशावर लेखी पेपर सोडून देणंही महागात पडतं. लक्ष्य ठेवायचं तर लेखी पेपरातच ३५ च्या पुढे जाण्याचं ठेवावं. तोंडीचे गुण मग वरची साय.

उतारा वाचायचा कसा?

पेपरात एकूण तीन मोठे उतारे येतात, दोन पुस्तकातले आणि एक बाहेरचा. प्रत्येकाला १० गुण. म्हणजे ८० पैकी ३० गुण निव्वळ उतारा वाचून उत्तरं लिहिण्याचे. प्रत्येक उताऱ्याखाली साधारण पाच प्रकार असतात : सोपी माहिती, थोडी खोलातली माहिती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि स्वतःचं मत. प्रत्येकी २ गुण.

बहुतेक मुलं आधी अख्खा उतारा वाचतात, अर्धा कळत नाही, घाबरतात आणि मग प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात दिसला की ती ओळ जशीच्या तशी उतरवतात. याऐवजी हा क्रम करून बघा : आधी प्रश्न वाचा, मग उतारा, मग परत प्रश्न. काय शोधायचं ते माहीत असलं की डोळे तिथे आपोआप थांबतात. अनोळखी शब्द आला तर अडकून बसू नका. वाक्य पुढे वाचलं की बऱ्याचदा अर्थाचा अंदाज येतो.

एक उदाहरण घेऊ. समजा उताऱ्यात लिहिलंय की गावात पाण्याची टंचाई होती म्हणून गावकऱ्यांनी तळं खोदलं. खाली प्रश्न आहे : 'व्हाय डिड द व्हिलेजर्स डिग द पाँड?'

'व्हाय' म्हणजे का. उत्तरात 'बिकॉज' लागणार. 'व्हाय डिड' काढून टाका. मागे उरतं 'द व्हिलेजर्स डिग द पाँड'. आता 'डिड' गेला तर त्याच्यातला भूतकाळ कुठेतरी ठेवायला हवा, तो क्रियापदाकडे जातो आणि 'डिग'चं 'डग' होतं. उत्तर तयार : 'द व्हिलेजर्स डग द पाँड बिकॉज देअर वॉज अ शॉर्टेज ऑफ वॉटर.'

प्रश्नातूनच उत्तराचं अर्धं वाक्य निघतं, ही युक्ती एकदा हाताला बसली की 'इंग्रजीत वाक्य कसं सुरू करू' ही भीती बरीच कमी होते. फक्त 'डिड' गेला की क्रियापद बदलायचं, एवढं विसरायचं नाही.

चूक की बरोबर या प्रश्नात 'ऑल', 'ओन्ली', 'नेव्हर', 'ऑल्वेज' असे शब्द दिसले की सावध व्हा. उताऱ्यात 'काही गावकरी' असतात आणि प्रश्नात 'सगळे गावकरी' होतात. वाक्य बाकी तेच असतं.

शेवटचा, स्वतःच्या मताचा प्रश्न मुलं सर्रास सोडतात. तीन उताऱ्यांचे मिळून हे ६ गुण. यात ठरलेलं एकच उत्तर नसतं. विषयाला धरून तुमचं मत, एक कारण आणि एक उदाहरण अशी तीन साधी वाक्यं पुरतात. 'आय थिंक', 'बिकॉज' आणि 'फॉर एक्झाम्पल' हे तीन खुंटे पक्के असले की मधली दोरी कशीही बांधता येते.

आपली मराठी कुठे पाय अडकवते?

इंग्रजीत होणाऱ्या चुकांमागे दर वेळी 'अभ्यास नाही' हेच कारण नसतं. डोक्यात वाक्य मराठीत तयार होतं आणि त्याच क्रमाने कागदावर उतरतं. दोन भाषांची बांधणी कुठे वेगळी आहे हे एकदा पाहिलं की निम्म्या चुका ओळखता येतात.

पहिला फरक शब्दांच्या क्रमाचा. मराठीत क्रियापद शेवटी येतं : 'मी आंबा खातो.' इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येतं : 'आय ईट अ मँगो.' त्यामुळे वाक्य लिहिताना आधी कोण, मग काय करतो आणि मग बाकी सगळं.

दुसरा फरक 'वर, खाली, मध्ये' या शब्दांचा. आपल्याकडे ते नामाला मागून चिकटतात : 'टेबलावर'. इंग्रजीत ते सुटे आणि नामाच्या पुढे : 'ऑन द टेबल'.

तिसरा फरक 'ला' आणि 'कडे' यांचा. 'मला दोन बहिणी आहेत', 'माझ्याकडे सायकल आहे', 'मला भूक लागली आहे' ही तीन वाक्यं मराठीत 'मला-माझ्याकडे'ने सुरू होतात. इंग्रजीत तिन्हीकडे कर्ता 'आय' : 'आय हॅव टू सिस्टर्स', 'आय हॅव अ बायसिकल', 'आय ॲम हंग्री'. इथे शब्दाला शब्द ठेवला की वाक्य कोसळतं.

चौथा फरक 'ने'चा. 'रामने पोळी खाल्ली, रामने आंबा खाल्ला' यात क्रियापद पोळी आणि आंब्याप्रमाणे बदलतं. इंग्रजी क्रियापदाला राम काय खातो याच्याशी देणंघेणं नाही, ते कर्त्याकडे बघतं. म्हणूनच वर्तमानकाळात 'ही' किंवा 'शी' आली की क्रियापदाला 'एस' किंवा 'ईएस' लागतो. 'शी गो टू स्कूल' ही चूक हजारो पेपरांत सापडेल, बरोबर रूप आहे 'शी गोज टू स्कूल'.

पाचवा फरक 'अ, ॲन, द' यांचा. मराठीत असे शब्दच नाहीत, त्यामुळे ते लिहायचं सुचत नाही. उत्तर लिहून झालं की फक्त हे तीन शब्द तपासायला एक नजर टाकायची सवय लावा.

आणि नकारार्थी वाक्यातली लाडकी चूक : 'ही डिड नॉट वेंट'. 'डिड'ने भूतकाळ दाखवला की पुढचं क्रियापद मूळ रूपात येतं, 'ही डिड नॉट गो'. वर पाहिलेल्या युक्तीचीच ही दुसरी बाजू.

स्पेलिंग का चुकतात?

देवनागरीत जवळपास जसं बोलतो तसंच लिहितो. 'क' म्हणजे 'क'. इंग्रजीत २६ अक्षरांवर सुमारे ४४ ध्वनींचा भार आहे, त्यामुळे एकच अक्षर वेगवेगळ्या ठिकाणी वेगळं बोलतं. 'सी' हे अक्षर 'कॅट'मध्ये 'क' होतं आणि 'सिटी'मध्ये 'स'. 'नाइफ'मध्ये 'के' लिहायचा आणि बोलायचा नाही. अशा भाषेत उच्चारावरून स्पेलिंग रचणारं मराठी पोर चुकणारच. त्याच्या बुद्धीचा त्यात काही दोष नाही.

उपाय जुनाच आहे : डोळ्याने बघा, तोंडाने म्हणा, झाकून लिहा, उघडून तपासा. रोज १० शब्द. ३० दिवसांत ३०० शब्द होतात. शब्द निवडताना अवघड शब्दांच्या मागे लागू नका. 'बिकॉज', 'ब्यूटिफुल', 'रिक्वेस्ट', 'रिसीव्ह', 'गव्हर्न्मेंट', 'एन्व्हायर्न्मेंट' असे पत्रात आणि उताऱ्यात सतत लागणारे शब्द आधी घ्या. अक्षरं भरून शब्द पूर्ण करा, दिलेल्या शब्दातून छोटे शब्द बनवा, शब्दसाखळी पूर्ण करा असे लँग्वेज स्टडीतले प्रश्न याच तयारीवर सुटतात.

कवितेचे १० गुण

कवितेचे दोन भाग. एका कवितेच्या ओळी देऊन त्यावर प्रश्न, ५ गुण. दुसऱ्या कवितेचं रसग्रहण, म्हणजे ॲप्रिसिएशन, ५ गुण. रसग्रहणाचे मुद्दे पेपरातच दिलेले असतात : कवितेचं नाव, कवी, यमकाची रचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना.

यात कवीचं नाव आणि मध्यवर्ती कल्पनेची दोन-तीन वाक्यं आधी तयार ठेवावी लागतात. या पेपरात पाठांतराचा खरा उपयोग होतो तो इथे. प्रत्येक कवितेसाठी वहीचं एक पान करा आणि सगळ्या कविता या साच्यात बसवा.

यमकाची रचना तर पेपरात बसूनही काढता येते. पहिल्या ओळीच्या शेवटच्या शब्दाला 'ए' म्हणा. दुसऱ्या ओळीचा शेवट त्याच्याशी जुळला तर तोही 'ए', नाही तर 'बी'. असं खाली जात राहा. जुळणी उच्चाराने ठरते, स्पेलिंगने नाही. मनात मोठ्याने म्हणून बघा.

रायटिंग स्किल्स : सर्वाधिक भीती, मोठी कमाई

२० गुणांचे चार प्रश्न, प्रत्येकी ५. इथे कोरी पानं सोडून येणारी मुलं सगळ्यात जास्त नुकसान करून घेतात, कारण प्रत्येक प्रश्नात पर्याय असतो आणि बराचसा कच्चा माल पेपरातच दिलेला असतो.

पत्र औपचारिक किंवा अनौपचारिक, दोन्हींपैकी एक लिहायचं. पाठ करायचा तो साचा : पत्ता, तारीख, औपचारिक असेल तर विषय, मायना, शेवट. मधला मजकूर दिलेल्या माहितीवरून तीन छोट्या परिच्छेदांत लिहा : का लिहितोय, काय झालंय किंवा काय हवंय, शेवटी विनंती आणि आभार. मित्राला लिहिलेल्या पत्रात 'रिस्पेक्टेड सर' आणि मुख्याध्यापकांच्या पत्रात 'हाऊ आर यू' असं होऊ देऊ नका. पाठ केलेलं पत्र डोळे मिटून उतरवलं की हेच होतं.

दुसरा प्रश्न संवाद किंवा भाषण. संवादात माणसं बोलतात तशी छोटी वाक्यं पुरतात. एकाने विचारलं, दुसऱ्याने उत्तर दिलं आणि उलट काही विचारलं, एवढा धागा ठेवा.

माहितीच्या रूपांतरात तक्ता, वृक्षाकृती किंवा वर्तुळाकृती आलेख देऊन परिच्छेद लिहायला सांगतात किंवा उलट परिच्छेदावरून तक्ता करायला सांगतात. दुसरा पर्याय घेतला तर स्वतःची वाक्यं लिहावीच लागत नाहीत, माहिती योग्य रकान्यात बसवायची. इंग्रजी कच्चं असलेल्या मुलाने याचा सराव आधी करावा.

बातमीत मथळा, ठिकाण आणि तारीख, मग पहिल्याच वाक्यात कोण, काय, कुठे, कधी. गोष्टीत दिलेली सुरुवात पुढे न्यायची आणि शीर्षक द्यायचं. शीर्षक विसरणारे बरेच असतात. गोष्ट भूतकाळात सुरू केली तर शेवटपर्यंत भूतकाळातच ठेवा.

पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याचा सारांशही याच तयारीत येतो. उताऱ्यातली उदाहरणं, आकडे, पुनरुक्ती गाळा, मुख्य मुद्दे जोडा आणि शीर्षक द्या. साधारण एक तृतीयांश लांबी पुरते. उताऱ्याच्या पहिल्या चार ओळी उतरवणं म्हणजे सारांश नव्हे.

भाषांतराचे ५ गुण

हा पेपरचा शेवटचा प्रश्न. शब्द, वाक्यं आणि म्हण किंवा वाक्प्रचार यांचं मराठीत भाषांतर करायचं. इथे मुलाची स्वतःची भाषा त्याच्या कामी येते. एकच पथ्य : म्हणीचं शब्दशः भाषांतर करू नका, त्याच अर्थाची मराठी म्हण आठवा. पुस्तकात दिलेल्या म्हणी आणि शब्द एकदा नजरेखालून घातले की हे गुण हातचे आहेत. शेवटी वेळ उरला नाही म्हणून हा प्रश्न राहणं हे सगळ्यात वाईट नुकसान.

'मला काहीच येत नाही' म्हणणाऱ्यासाठी

प्रत्येक वर्गात अशी चार-पाच मुलं असतात. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसणारेही असतात, त्यांना विचारायला शिक्षकही नसतात. राज्यात पहिलीपासून इंग्रजी शिकवायला २००० मध्ये सुरुवात झाली, म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षं ती भाषा वर्गात कानावर पडलेली असते. 'काहीच' येत नाही असं सहसा नसतं.

अशा विद्यार्थ्याने सगळं करू नये. आधी हे पाच भाग पक्के करावेत : भाषांतर (५), लँग्वेज स्टडी (१०), माहितीचं रूपांतर (५), कवितेचं रसग्रहण (५) आणि पत्र (५). हे झाले ३० गुणांचे प्रश्न. त्यात तीन उताऱ्यांतले फक्त सोप्या माहितीचे आणि शब्दांचे प्रश्न जोडले तर आणखी १२. म्हणजे ४२ गुणांचं मैदान झालं. त्यातले सगळे मिळणार नाहीत, पण खेळायला जागा मिळते. एकेक भाग जमायला लागला की पुढचा घ्यावा.

शेवटचा महिना, रोज सव्वा तास

• १५ मिनिटं : पुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचणं
• १० मिनिटं : १० शब्दांचं स्पेलिंग
• २५ मिनिटं : एक उतारा आणि त्याखालचे सगळे प्रश्न
• २५ मिनिटं : रायटिंग स्किल्समधला एक प्रश्न, वहीत न बघता

आठवड्यातून एकदा, शक्यतो रविवारी सकाळी ११ वाजता, जुना पेपर घड्याळ लावून पूर्ण सोडवा. तपासायला शाळेतल्या शिक्षकांना द्या. त्यांनी लाल पेनाने केलेल्या खुणा एका पानावर उतरवून ठेवा. तिसऱ्या पेपरनंतर दिसेल की आपण त्याच त्या चार-पाच चुका करतोय. त्या चार-पाच सुधारणं हाच आपला खरा 'आयएमपी'.

पेपरच्या दिवशी वेळ कशी वाटायची?

पेपर तीन तासांचा. पूर्वी प्रश्नपत्रिका १० मिनिटं आधी वाचायला मिळायची. २०२३ पासून ती पद्धत बंद करून शेवटी १० मिनिटं वाढवून दिली जातात. म्हणजे हातात १९० मिनिटं. ढोबळ वाटणी अशी : लँग्वेज स्टडी १५, पुस्तकातले उतारे ४५, कविता २०, बाहेरचा उतारा आणि सारांश ३५, रायटिंग स्किल्स ४५, भाषांतर १०. उरलेली २० मिनिटं तपासणीला.

तपासताना अख्खा पेपर वाचायची गरज नाही. प्रश्नांचे क्रमांक, पूर्णविराम आणि कॅपिटल अक्षरं, 'ही-शी'नंतरचा 'एस' आणि राहिलेले उपप्रश्न एवढंच बघा.

आईबाबांना इंग्रजी येत नसेल तर?

तरीही मदत करता येते. मुलाला रोज १५ मिनिटं पुस्तक मोठ्याने वाचायला बसवा. तो कुठे अडखळतो हे ऐकायला इंग्रजी यावं लागत नाही. वाचून झालं की म्हणा, "आता यात काय सांगितलंय ते मला मराठीत सांग." त्याला मराठीत सांगता आलं तर उतारा कळला. नाही आलं तर परत वाचायला लावा. शेतातून किंवा कामावरून आल्यावर चहा पिता पिता हे होऊ शकतं, आणि याला ट्यूशनची फी लागत नाही.

'पेपर फुटला'चे मेसेज आले तर?

परीक्षेच्या आदल्या रात्री पैसे मागणारे आणि 'खरा पेपर' देतो म्हणणारे मेसेज फिरतात. ते पुढे पाठवू नका, पैसे भरू नका. राज्यात परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध १९८२ पासून कायदा आहे, त्यामुळे यात सापडणं म्हणजे फक्त एका पेपरपुरती भानगड राहत नाही. आणि ज्या पेपरात बहुतेक उत्तरं कागदावरच छापलेली असतात, त्याच्यासाठी रात्रभर मोबाइल बघत जागण्यापेक्षा सात तास झोपलेलं डोकं जास्त उपयोगी पडतं.

आणि तरीही गुण कमी पडले तर?

निकालानंतर गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांसाठी अर्ज करता येतो. छायाप्रत मागवली तर आपण नेमके कुठे चुकलो हेही दिसतं. त्याच वर्षी पुरवणी परीक्षा होते. एक किंवा दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीच्या सवलतीने अकरावीला प्रवेश घेता येतो. तारखा आणि शुल्क मंडळ दर वर्षी जाहीर करतं, ते शाळेतून किंवा मंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या.

दर वर्षी काही मुलं या एका विषयामुळे शाळा सोडतात. कुणी गॅरेजवर जातं, कुणाचं लग्न ठरतं, आणि घरात 'इंग्रजीत गेला' किंवा 'इंग्रजीत गेली' हा शब्द कायमचा चिकटतो. त्यातल्या बऱ्याच जणांनी रात्र रात्र जागून अभ्यास केलेला असतो. त्यांनी गाईड पाठ केलेलं असतं, उतारा मात्र स्वतः सोडवून बघितलेला नसतो.

तुमच्या घरात किंवा शेजारी दहावीचं कुणी असेल तर त्याला आणखी एक पीडीएफ पाठवण्याआधी कोर्सबुकचं कुठलंही एक पान उघडून द्या आणि म्हणा, "हे वाच आणि मला सांग यात काय आहे." तयारीची सुरुवात तिथून होते.